वाघमारे सिस्टरचे गुलाबी बूट

ठिपका थांबला.

मी फोन झटकला. पदराला पुसला. परीची लाळ लागली असंल म्हनून परत पुसला. तरी ठिपका जागचा हालंना. फोनात रस्ता दिसून राहिला व्हता, रस्त्याच्या शेवटाला मोठी दगडी कमान, कमानीच्या पलीकडं उलसं गेलं की पळनं संपायची रेघ, आन् कमानीच्या अलीकडं, दारात येऊन "हाय का कोनी घरात?" म्हनत कोनी उभं ऱ्हावं तसा आमच्या मावशीचा निळा ठिपका.

"वैशाली, काय झालं गं?" सासूबाई म्हनल्या.

"काई न्हाई."

"मंग तोंड कामून असं झालं?"

माझं तोंड कसं झालं व्हतं ते मला काय म्हाईत. एका हातात फोन, कडंवर परी, आन् समोर आमच्या वट्ट्यावर सगळी गल्ली बसलेली. किराणावाले शेख चाचा दुकानाचं शटर अर्धं वढून आलेले. रिटायर मास्तर जाधव सर घरून खुर्ची घेऊन आलेले, दुसऱ्याच्या वट्ट्यावर ते टेकत न्हाईत. माझा नवरा बालाजी मोटारसायकलवर आडवा बसून शेंगा खाऊन राहिलेला. हितं लातुरात दिवेलागन झाली व्हती, तितं जर्मनीत, बर्लिन म्हनून शहर हाय तितं, अजून ऊन व्हतं. आन् त्या उन्हात आमच्या गल्लीतली वाघमारे सिस्टर मॅरेथॉन पळून राहिली व्हती.

वेळेत रेघ वलांडली न्हाई तर मागून गाडी येती, माघारल्यांला उचलून घेती आन् एवढं पळलेलं सगळं वाया, असं मावशीच सांगून गेल्या व्हत्या. एवढं म्हंजे किती, तर लातुरातून पळत औशाला जायचं, पळतच परत यायचं, आन् वर गल्लीच्या चकरा मारायच्या. साठी वलांडलेली बाई. एवढं सगळं पळून कमानीच्या तोंडाशी येती आन् तितं थांबती कशी?

"बेटी, हिल्या क्या वो?" शेख चाचांनी इचारलं.

"हाव चाचा, हालून राहिला," मी म्हनले. आन् मनात म्हनले, पडली मावशी. गेली मावशी. परमुलखात, रस्त्यावर, गुलाबी बुटात.

थांबा. पैले मावशी कोन ते सांगते, न्हाईतर तुमची बी माझ्यासारखीच गत व्हईल, घाबरायचं कोनासाठी तेच कळायचं न्हाई.

वाघमारे सिस्टर आमच्या समोरच्या घरात ऱ्हायच्या. सगळी गल्ली त्यांला सिस्टर म्हनती, मी एकटी मावशी म्हनते. सारा जलम सरकारी नर्स म्हनून रेणापूर तालुक्यातल्या खेड्यापाड्यात गेला. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, आंगानं वाळल्या शेंगेवानी, आन् आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला कुत्रं भुकायचं थांबतं. घड्याळ मनगटाच्या आतल्या आंगाला बांधायच्या. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घ्यायच्या. नव्या मानसाला वाटायचं, किती माया हाय या बाईला. माया बिया काई न्हाई, त्या नाडी बगत असायच्या. इकडं तुमचं गाऱ्हानं ऐकायच्या आन् तिकडं मोजायच्या, आन् तुमचं संपलं की म्हनायच्या, "बोलनं संपलं का? आता पानी पी. लई पळून राहिली नाडी."

माझी तर कायमच पळून राहिलेली असायची. मी आठवीत शाळा सोडलेली, लगीन करून खेड्यातून लातूरला आलेली, आन् मला सगळ्याचं भ्या वाटायचं. गॅसचं वाटायचं. लिफ्टचं वाटायचं. बँकेतल्या बाईचं वाटायचं. परी झाल्यावर तर परीचंच भ्या वाटायला लागलं, तिनं शिंक दिली तरी मी रडायची.

परीला पैली सुई द्यायची व्हती तवा मावशी माझ्यासोबत दवाखान्यात आल्या. नर्सनं सुई वर धरली, परी तिच्याकडं बगून हासली, आन् मी पडले. सुई लेकराला, आन् गार पडली माय. उठून बगते तर मावशीच्या एका मांडीवर परी आन् दुसऱ्या मांडीवर माझं डोस्कं. म्हनल्या, "दोन लेकरं घिऊन आलेय मी आज."

"मावशी, मला भ्या वाटतंय."

"वाटू दे की. भ्यायचं तेवढं भी. पन पाय चालू ठिव. भिऊन बसलेलं मानूस मी लई बगितलंय, ते बसल्या जागीच ऱ्हातं. भिऊन पळनारं कुठंतरी पोचतं तरी."

आता पळन्याचं कसं झालं ते. मावशी पळायला कुठं शिकल्या नव्हत्या. त्यांला लेकरांनी पळवलं. खेड्यात लस द्यायला गेलं की पांढरी साडी आन् लसीचा डबा बगून पोरं उधळायची. एक हिकडं, एक तिकडं. डब्यातला बरफ वितळायच्या आत सगळ्यांला धरायचं. मंग मावशी साडीचा काष्टा करायच्या, डबा खांद्याला, आन् पोरांच्या मागं. मावशी म्हनायच्या, "अर्ध्या रेणापूर तालुक्याला मी पळवून पळवून सुई दिलीय."

त्या अर्ध्या तालुक्यात माझा नवरा बी व्हता. लग्नानंतर आमी या गल्लीत ऱ्हायला आलो तवा मावशीनं त्याला बगितलं आन् लगीच वळखलं. सगळ्यांपुढं म्हनल्या, "ह्यो त्योच न्हाई का, तुरीतून पळालेला?" बालाजीचं तोंड बगन्यासारखं झालं. गोष्ट अशी की साहेब पाचवीत असताना सुई बगून शाळेच्या भिंतीवरून उडी टाकून पळाले. वढा वलांडला, तूर वलांडली, पार दुसऱ्या गावच्या शिवेला गेले. तितं दम लागून बांधावर बसले आन् मागं वळून बगतेत तर मावशी डबा घिऊन उभी. दम बी लागलेला न्हाई. म्हनली, "लागला का दम? बरं झालं. आता दंड ढिला पडला, दुखायचं न्हाई." आन् दिली ठिवून.

"लई दुखलं व्हतं," बालाजी अजून म्हनतो.

"सुईनं न्हाई रे. हारल्यानं."

आजून एक खोड सांगायची ऱ्हायली, तीच मोठी हाय. चपलेची. मावशी कुठं बी आत जायचं म्हनलं की चपला बाहेर काढायच्या. विहारात तर सगळेच काढत्यात. ह्या बँकेत काढायच्या, तहसीलात काढायच्या, मोबाईलच्या दुकानात काढायच्या. काढून नुसत्या टाकायच्या न्हाईत. जोडीनं, भिंतीला लावून, तोंड बाहेर करून ठिवायच्या, म्हंजे निघताना पाय सरळ आत जातो. मी एकदा इचारलं, मावशी, मोबाईलच्या दुकानात कशाला वो? तवा सांगितलं. उपकेंद्रात बाळंतपनाची खोली व्हती. तितं मावशीचा कायदा. बाहेरचं पायतान आत न्हाई. "बाई रडून राहिली, नवा जीव येऊन राहिला, तितं गावातली घान घिऊन जायची का?" एकदा सरपंच बूट घालून नातू बगायला आत आला तर त्याला परत बाहेर काढला. एकदा एक मोठे डागदर आले जिल्ह्यावरून, त्यांला बी. डागदर म्हनले, सिस्टर मी घाईत आहे. मावशी म्हनल्या, लेकरू बी घाईतच हाय साहेब, ते बगा बिनचपलेचं येऊन राहिलं.

तीस-पस्तीस वर्सं असं केल्यावर पायालाच सवय लागली. डोस्क्याला इचारायची गरजच ऱ्हायली न्हाई.

तर मावशी रिटायर झाल्या आन् पंचाईत अशी झाली, की मागं धावायला कोनी उरलं न्हाई. चार दिवस घरात बसल्या. पाचव्या दिवशी सकाळी पंजाबी ड्रेस घातला, वढनी कमरंला बांधली आन् रिंग रोडला पळत सुटल्या. गल्लीत बोंब झाली. सासूबाई म्हनल्या, "सिस्टरच्या घरी काय झालं गं? कोनाला बोलवायला पळाली?" बालाजी गाडी घिऊन मागं गेला. गाडी बाजूला लावून म्हनला, "सिस्टर, बसा, सोडतो, कुठं जायचंय?" मावशी म्हनल्या, "कुठंच न्हाई." त्याला समजंना. कुठंच जायचं न्हाई तर पळायचं कशाला? शेवटाला त्यो बी पैल्या गेरमधी त्यांच्या संगं संगं घरापस्तोर आला.

मंग हळूहळू सवय झाली. शेख चाचा सकाळी शटर उघडताना म्हनायचे, "सिस्टर गयी, सहा बज गये." नांदेडला एक शर्यत झाली, तितं मावशी गेल्या. चांगल्या पुढं व्हत्या म्हनं. तेवढ्यात एका पोलीस भरतीच्या पोराच्या पायाला गोळा आला, त्यो खाली बसला. मावशी बी बसल्या. पाय धरला, वढला, चोळला, मीठ-साखरेचं पानी पाजलं, आन् मंग दोघं मिळून शेवटचे आले. त्या पोराला लाज वाटून राहिली व्हती, आन् ह्या हात वर करकरून लोकांला दावून राहिल्या व्हत्या.

मावशीचा ल्योक सुजित, त्यो जर्मनीत दवाखान्यात नर्स हाय. मायनं शिकवलेलं पोरगं. त्यानं तिकडच्या मॅरेथॉनची चिठ्ठी मायच्या नावानं टाकली. लाखानं मानसं मागत्यात म्हनं, चिठ्ठी निघंल त्यालाच पळू देत्यात. निघाली. सुजितचा फोन आला, मावशी वट्ट्यावर येऊन म्हनल्या, "लॉटरी लागली गं," आन् त्या दिवशी गल्लीतली धा मानसं पेढे मागायला आली. मावशीनं सगळ्यांला पेढे दिले, आन् मंग सांगितलं की बक्षीस काय हाय. बेचाळीस किलोमीटर. जाधव सर पेढा हातात धरून म्हनले, "म्हणजे हे लोक शिक्षेला बक्षीस म्हणतात."

मंग काय सांगावं, आमच्या गल्लीचं डोस्कंच फिरलं. कोनी म्हनलं तितं लई थंडी. शेख चाचांनी आपल्या आइस्क्रीमच्या फ्रीजचं झाकन उघडलं आन् म्हनले, सिस्टर, रोज पाच मिनिट इसमें मुंडी रखो, आदत होती. मावशीनं खरंच ठिवली. मुंडी आत आन् आतून आवाज, "वैशाली, हितं कुल्फी किती रुपयाला हाय गं?" सासूबाईंनी धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या, वर ठेचा. सुट्टीच्या दिवशी मावशी औशाच्या रोडनं लांब पळायच्या आन् मागं बालाजीच्या गाडीवर मी, परी मधी, हातात पान्याची बाटली. मी गाडीला बी भ्यायची. त्या चार-पाच महिन्यात गाडीचं भ्या कवा गेलं ते मला कळलंच न्हाई.

सुजितनं गुलाबी बूट धाडले. असले गुलाबी, की परी त्यांला बगून हात पसरायची. मावशी म्हनल्या, या वयात हा रंग. आन् लगीच घालून गल्लीभर दावून आल्या.

जायच्या आदल्या दिवशी मला बोलवलं. माझ्या फोनात सुजितनं सांगितलं तसं काय काय टाकलं. म्हनल्या, "बग. तितं बुटाच्या नाडीला एक बिल्ला बांधून देनार हायेत. बटनाएवढा. त्यो बिल्ला जितं, तितं हा ठिपका. बिल्ल्यानं रेघ वलांडली की माझं पळनं पुरं झालं, तसं ते लिवून ठिवनार. कळलं?"

"मला इंग्रजी येत न्हाई मावशी."

"ठिपका हालतो का न्हाई, ते बगायला इंग्रजी लागतं का? गल्लीला तू सांगायचं. दुसऱ्या कोनाच्या हातात फोन द्यायचा न्हाई. जाधव सरांच्या तर न्हाईच."

म्हनून त्या दिवशी फोन माझ्या हातात व्हता. सगळ्यांत भित्री बाई, आन् तिच्या हातात.

तर ठिपका थांबलेला. मी सुजितला फोन लावला. लागंना. परत लावला. बाईचा आवाज आला, काय बोलली काय म्हाईत, जर्मनच बोलली असंल. परी माझ्या कानातलं वढून राहिली व्हती. जाधव सर उठून जवळ आले, चष्मा वर केला, फोनात बगितलं. मी फोन फिरवला तोवर त्यांनी बगितलंच.

"हा तर थांबलाय," सर म्हनले.

बालाजीच्या हातातली शेंग तशीच. शेख चाचांनी टोपी काढली, परत घातली. सासूबाई म्हनल्या, "माझे धपाटे तर न्हाई बाधले?"

"सिस्टर थांबणार नाहीत," बालाजी म्हनला. ह्यो मानूस कवा मराठी असं पुस्तकासारखं बोलत न्हाई. "आमी शिवेपस्तोर गेलो व्हतो. ती बाई थांबत नसती."

आन् तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ. मी कुठं बी बोट लावलं, तरी लागला. पैले नुसतं नाक दिसलं. मंग नाक मागं गेलं आन् मावशी दिसल्या. बिस्किटाच्या पुड्यात आतून चकचकीत कागद असतो न्हाई का, तसल्या कागदात गुंडाळलेल्या, गळ्यात हे एवढं पदक, आन् केस उभे.

"वैशाली," मावशी म्हनल्या, "परी जेवली का?"

मी रडायलाच लागले. मला बगून परी रडली. मावशी म्हनल्या, "हात दाव. दाव हात. आता हितून कशी बगू नाडी, पन दाव."

"मावशी, ठिपका कमानीपाशीच हाय वो, तुमी कुठं हाव?"

मंग सुजितनं फोन घेतला. त्यो हासून राहिला व्हता का रडून राहिला व्हता ते मला अजून कळलं न्हाई. म्हनला, "वैनी, आई अनवानी आली. बूट कमानीबाहेर काढून ठिवले हिनं."

मंग सासूबाई म्हनल्या, "मंग. आत जायचं म्हनल्यावर काढनारच की." त्यांला त्यात काई नवल वाटलंच न्हाई.

मावशीनं परत आल्यावर सगळं सांगितलं. माझ्याच वट्ट्यावर बसून, गुळाचा खडा दाढंला धरून, बिनसाखरेचा चहा पीत. सगळ्या रस्त्यानं लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका जागी ढोल व्हता, तितं उलसं नाचल्या. एका गोऱ्या बाईच्या पायाला गोळा आला, तिला धरून बसवलं, पाय चोळला, धपाटा दिला. ती बाई धपाटा खाऊन जी पळाली ती मावशीला परत दिसलीच न्हाई. आन् मंग कमान आली.

"कमानीतून आत बगितलं," मावशी म्हनल्या, "तर सगळी मानसं रडून राहिलेली. बापे बी. एक गडी गुडघे टेकून, एक पोरगी दोन्ही हातांनी तोंड झाकून. रडून राहिलेत आन् हासून बी राहिलेत. मला वाटलं, अगं, ही तर बाळंतपनाची खोली. पाय आपोआप थांबले. वाकले, नाड्या सोडल्या, बूट खांबाला लावले."

"तोंड बाहेर करून?"

"मंग कसे?"

"आन् बिल्ला, मावशी?"

मावशीनं चहाचा घोट घेतला. "त्यो आठवला. धा-पंधरा पावलं आत गेल्यावर."

तर झालं असं, की पदक गळ्यात पडलं, कारन पदक घालनारी पोरगी पायाकडं न्हाई, तोंडाकडं बगती. पन बिल्ला बाहेर आन् बाई आत. तितल्या पाटीवर मावशीच्या नावापुढं लिवून आलं, पळनं पुरं झालं न्हाई. बूट कोन्या एका मानसानं उचलून जपून ठिवले व्हते. त्याला वाटलं, कोनीतरी बुटातून उडूनच गेलं.

सुजित म्हनला, आई, आपन शर्यतवाल्यांला कळवू, तुझा रेघंवरचा फोटो हाय. मावशी म्हनल्या, "मला म्हाईत हाय. त्या पदकवाल्या पोरीला म्हाईत हाय. आजून कोनाला कळवायचंय?"

पन लातुरात कळलंच. सकाळी पळनाऱ्या लोकांनी मावशीचा सत्कार ठिवला, बोर्ड छापला, हार आनले. मावशी हॉलच्या दारात बूट काढून आत गेल्या, तेच गुलाबी. आन् मधीच एका जनानं फोनात बगून शेजारच्याच्या कानात सांगितलं, त्यानं त्याच्या शेजारच्याच्या, आन् हार घिऊन उभी असलेली मानसं हार घिऊन उभीच ऱ्हायली. मला वाटलं, आता मावशीला लाज वाटंल, भर सभेत. मी परीला घट्ट धरलं.

जाधव सर उठले. सर वाईट न्हाईत, पन त्यांला नियम लागतो, जेवताना बी लागतो. म्हनले, "सिस्टर, राग मानू नका. कौतुक आहेच. पण नियमानं पाहिलं तर नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणजे धावणं पूर्ण झालं, असं म्हणता येत नाही."

मावशी खुर्चीतून उठल्या. सरांपाशी गेल्या, त्यांचा हात हातात घेतला. सगळ्यांला वाटलं, आता रडत्यात.

"सर," मावशी म्हनल्या, "तुमी आमच्या उपकेंद्राच्या गावाला मास्तर व्हता. तुमच्या दोन्ही पोरी माझ्या हातावर झाल्या. धाकटी झाली त्या दिवशी तीन बाळंतपनं एका टायमाला. तिचं वजन लिवायचं ऱ्हाऊनच गेलं माझ्याच्यानं. रजिस्टरातला रकाना अजून कोरा असंल." आन् इचारलं, "पोरगी झाली का न्हाई झाली?"

पैले कोनीच हासलं न्हाई. मंग सरच हासले. त्यांला हासताना मी पैल्यांदाच बगितलं, त्यांचे खालचे दात वाकडे हायेत ते बी मला तवाच कळलं. त्यांनी कोन्या एकाच्या हातातला हार घेतला आन् मावशीच्या गळ्यात घातला.

मावशीनं त्यांचा हात सोडला न्हाई. म्हनल्या, "सर, नाडी जरा अडखळून चालून राहिली. उद्या दवाखान्यात चला."

आन् ते पदक. लोक काचंच्या कपाटात ठिवत्यात. मावशीनं ते उकळत्या पान्यातून काढलं आन् परीला चावायला दिलं, तिला दात येऊन राहिले व्हते. "एवढं गार, एवढं गुळगुळीत, याच्यापेक्षा चांगलं कायबी न्हाई हिरड्याला." जर्मनीच्या पदकावर माझ्या लेकीचे पैले दोन दात उमटलेत. कोनाला खोटं वाटत असंल तर येऊन बगा.

मंग मावशीच्या लेकीला लेकरू झालं आन् मावशी नांदेडला गेल्या, तिकडंच ऱ्हायल्या. समोरच्या घराला कुलूप. शेख चाचा सकाळी शटर उघडत्यात आन् उगंच रोडकडं बगत्यात. मला तर पैल्या पैल्यांदा लई भ्या वाटलं. मंग मी पाय चालू ठिवले. परीला घिऊन रिंग रोडला चालायला लागले. पळत न्हाई. चालते. कवा कवा उलसं पळते, कोनी बगत नसलं तर.

मागल्या लग्नसराईत नांदेडला एक लगीन व्हतं. मी एकटी गेले, परीला घिऊन, यष्टीनं. अहमदपूरला गाडी थांबली तवा खाली उतरून पानी घेतलं आन् परत आपली गाडी बराबर वळखून चढले, हे मी मावशीला पैले सांगितलं. मावशी म्हनल्या, "जयभीम तुला," आन् कपाळाला हात लावून सलाम केला. नदीच्या घाटावर आमी दोघी बसलो. मावशी वाळल्या व्हत्या आजून, पन आवाज तसाच, घाटावरची कबुतरं उठली.

मी इचारलंच. एवढे दिवस मनात व्हतं. "मावशी, खरं सांगा. बिल्ला आठवला तवा मागं फिरावं वाटलं न्हाई? पंधरा पावलं तर व्हती. बूट आनायचे, हातात धरायचे, तरी झालं असतं."

मावशीनं माझा हात घेतला. मला वाटलं, आता सांगत्यात.

"तू काय केलं असतंस?" त्या म्हनल्या.

मी इचार करून राहिले. कमान, पुढं रेघ, मागं बूट. पुढं रडनारी मानसं. मागं नाव. मी इचारच करत ऱ्हायले आन् गाडीचा टाइम झाला.

स्टँडवर मावशीनं आमाला बसवून दिलं, खिडकीजवळ. गाडी हालली. स्टँडच्या गेटापस्तोर गेली असंल आन् मी बगते तर परीच्या एका पायात बूटच न्हाई. ते चुं चुं वाजनारे लाल बूट, एक हाय, एक न्हाई. तेवढ्यात मागून आवाज आला. चुं. चुं. चुं. मान बाहेर काढली तर मावशी. वढनी कमरंला, पायात गुलाबी बूट, हातात परीचा लाल बूट, आन् पळताना मुठीत त्यो दाबला जाऊन वाजून राहिला व्हता. रिक्षावाले बाजूला झाले. शेंगावाल्यानं गाडा मागं घेतला.

कंडक्टर म्हनला, "कोन म्हातारी हाय वो ती? सांगा तिला, पाठीमागं दुसरी गाडी हाय."

"तिला गाडी नको," मी म्हनले.

गेटावर गाडी वळायला हळू झाली तवा मावशीनं गाठली. बूट खिडकीतून आत दिला. दम लागलेला न्हाई. म्हनल्या, "घे. एका बुटावर मानूस लंगडतं. दोन्ही घालावं न्हाईतर दोन्ही काढावं." आन् माझं मनगट धरलं, गाडीसंगं चालता चालता, घड्याळात बगत. मी त्यांला मोजू दिलं.

"बरी हाय आता," म्हनल्या, आन् हात सोडला.

ड्रायव्हरनं गेर टाकला. मावशी थांबायच्या, तर थांबल्या न्हाईत. आता द्यायचं काईच ऱ्हायलं नव्हतं, तरी गाडीच्या मागं उलशा पळतच आल्या, हात हालवत, हासत, त्या गुलाबी बुटांवर, ते बूट धुळीत लांबून जास्वंदीच्या दोन फुलांवानी दिसले, मंग एक ट्रक मधी आला.

तर मला तवापस्तोर उत्तर देता आलं न्हाई, आन् अजून बी येत न्हाई. बालाजी म्हनतो त्यो मागं फिरला असता. सासूबाई म्हनत्यात त्यात इचार काय करायचा. जाधव सर म्हनतेत, मला विचारू नका. म्हनून तुमाला इचारते. लातूर ते औसा आन् परत, एवढं पळून तुमी कमानीतून आत गेला हाव, अनवानी. तुमच्या नावाचा बिल्ला पंधरा पावलं मागं ऱ्हायलाय, खांबाला लावून, तोंड बाहेर करून. पुढं सगळी मानसं नव्यानं जलमल्यावानी रडून राहिलीत. तुमी काय केलं असतं?